आठी, आवंढा आणि उचकी

हात दुमडून मूठ आवळली की दंडावर जो गोळा उठतो, त्याला आपण बेडकुळी म्हणतो. कुणी बेटकुळीही म्हणतं. कातडीखाली बेडूक दबा धरून बसल्यासारखा तो दिसतो. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटासा उंदीर, आणि इंग्रजीतला ‘मसल’ त्याच बिळातून बाहेर आला. आपल्या ‘स्नायू’ शब्दाची तर वेगळीच गंमत. मराठीत स्नायू म्हणजे आकसणारं, ओढणारं मांस. हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हणजे मात्र मज्जासंस्था! हिंदीतलं आरोग्याचं पुस्तक वाचताना मराठी माणूस इथे हमखास अडखळतो.

शरीरात सहाशेहून जास्त स्नायू आहेत. व्यायामशाळेच्या आरशात कौतुक होतं ते दंड-मांड्यांचं. डोकं, मान आणि धड इथले स्नायू मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि काही तर झोपेतही, राबत असतात. त्यांची खरी दखल घेतली ती आपल्या भाषेने. नाक मुरडणे, कान टवकारणे, दातओठ खाणे, आवंढा गिळणे, कंबर कसणे… यातला कुठलाही वाक्प्रचार उचला, खाली एक खराखुरा स्नायू सापडतो.

नाक मुरडणे

भाजीत कारलं दिसलं की पोरं नाक मुरडतात. त्या वेळी नाकाच्या कडेला जो चिमुकला स्नायू आखडतो, त्याचं शास्त्रीय नाव दम लागेल इतकं लांब आहे: लेव्हेटर लेबिआय सुपीरिऑरिस अलिक्वी नेझाय. अर्थ साधा, ‘वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा’. पट्टी बोटभर लांबीची, नाव मात्र आगगाडीसारखं.

चेहऱ्याच्या स्नायूंची खुबी अशी की ते इतर स्नायूंसारखे हाडापासून हाडापर्यंत जात नाहीत. बहुतेकांचं एक टोक हाडाला आणि दुसरं थेट कातडीला चिकटलेलं असतं. हाताचा स्नायू आखडला की हाड हलतं. चेहऱ्याचा आखडला की कातडी ओढली जाते, आणि त्या ओढीलाच आपण राग, किळस, आनंद म्हणून ओळखतो. लेंग्याची नाडी आवळली की चुण्या नाडीला आडव्या पडतात, तसंच इथे होतं. कपाळाच्या स्नायूचे धागे उभे, म्हणून भुवया उंचावल्या की कपाळावर रेघा आडव्या पडतात. दोन भुवयांना एकमेकींकडे ओढणारा स्नायू आडवा, म्हणून चिंतेची आठी उभी.

कातडी हलवायची ही विद्या जनावरांकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. गोठ्यात उभा बैल पाहा. पाठीवर माशी बसली की ना मान वळवतो ना शेपूट उचलतो; तेवढ्याच जागेची कातडी थरथरवतो आणि माशी उडून जाते. अंगभर कातडीखाली पसरलेली ती स्नायूची चादर माणसात जवळपास विरली. तिचा मोठा तुकडा उरलाय तो मानेत. त्याला प्लॅटिस्मा म्हणतात. आरशासमोर दात आवळा आणि ओठांचे कोपरे जोरात खाली ओढा. हनुवटीपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत ज्या दोऱ्या ताठ उभ्या राहतात, ती तीच चादर. दाढी करताना गळ्याची कातडी ताणायला पुरुष तिचा रोज उपयोग करतात.

गालातल्या गालात

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली एक विलक्षण पुस्तक छापलं. चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन ते एकेक स्नायू वेगळा आखडवत आणि त्याचं छायाचित्र काढून घेत. छायाचित्रणाची कला तेव्हा अगदी कोवळी होती! ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू विजेने हलवला तर चेहरा हसला खरा, पण ते हसू पोकळ वाटे. मनापासून आलेल्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आखडतो, गाल वर सरकतात, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडतात. ओठ आपल्या हुकमात असतात. डोळ्याभोवतीचा तो भाग तितका सहज नसतो. लग्नाच्या अल्बममधला कुठलाही फोटो काढा आणि फक्त डोळे पाहा. ‘हसा’ म्हटल्यावर हसलेले कोण आणि खरंच खूश असलेले कोण, ते बरेचदा वेगळे काढता येतात. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या भावदर्शनावरच्या पुस्तकात द्युशेनची छायाचित्रं वापरली होती.

गालावरची खळी ही त्याच हसवणाऱ्या स्नायूची करामत. काहींच्यात तो खाली दोन फाट्यांत विभागतो, एक फाटा कातडीला धरून राहतो आणि हसताना तिथे खड्डा पडतो. म्हणजे आपण जिचं सौंदर्य म्हणून कौतुक करतो ती खळी हा स्नायूच्या रचनेतला एक लहानसा फरक आहे.

आणि तो मोबाइलवर फिरणारा संदेश, ‘हसायला इतके स्नायू, रागवायला तितके’? आकडे प्रत्येक वेळी वेगळे असतात, कारण कुणी नीट मोजलेलेच नाहीत. मोजणार तरी कसे? हे स्नायू एकमेकांत गुंतलेले, शिवाय माणसागणिक वेगळे. ओठांचा कोपरा बाजूला ओढणारा रिसोरियस नावाचा स्नायू तर काही लोकांत नसतोच.

अर्धा चेहरा

या स्नायूंची किंमत मला कळली ती मावशीमुळे. एका सकाळी तिने चूळ भरली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळून पदरावर आलं. आरशात पाहते तर चेहऱ्याची डावी बाजू सपाट. कपाळाला आठी पडेना, डोळा मिटेना. अर्धांगवायू म्हणून घर हादरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा बेल्स पाल्सी. चेहऱ्याची एकच नस सुजली आहे.

पुढचे दोन महिने आम्ही शरीररचनेचा धडा घरात बघितला. मावशीला गरम चहावर फुंकर घालता येईना, कारण ओठ गोल करणारा स्नायू अर्धा बंद. जेवताना भाताची शितं डाव्या गालात साठून राहत. ती बोटाने काढायची. घास गालातून परत दाढांखाली ढकलण्याचं काम बक्सिनेटर नावाचा गालाचा स्नायू करतो, हे तेव्हा समजलं. त्या नावाचा अर्थच तुतारी फुंकणारा! सनईवाल्याचे गाल फुगतात आणि तरी फुटत नाहीत, ते याच्या जोरावर. रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवावी लागे, कारण पापणी मिटणारा स्नायू या नसेच्या ताब्यात आणि उघडणारा वेगळ्या नसेच्या. मिटणारा गप्प, उघडणारा कामावर. डोळा उघडाच राही.

सगळ्यांत चमत्कारिक तक्रार कानाची होती. कुकरची शिट्टी झाली की ती डावा कान दाबून धरायची. ‘आवाज टोचतो गं,’ म्हणायची. चेहऱ्याच्या नसेचा आणि कानाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

सहा मिलिमीटरचा पहारेकरी

शाळेत कानाची तीन हाडं शिकलो होतो: हातोडी, ऐरण, रिकीब. त्यातली रिकीब तांदळाच्या दाण्याहूनही छोटी, अख्ख्या शरीरातलं सर्वांत लहान हाड. तिला धरून असलेला स्टेपिडियस हा हाडाला जोडलेल्या स्नायूंत सर्वांत लहान, जेमतेम सहा मिलिमीटरचा. मोठा आवाज आला की तो आखडतो, रिकीब आवळून धरतो आणि आत जाणारा आवाज मंद करतो. त्याला हुकूम देते ती चेहऱ्याचीच नस. मावशीचा पहारेकरी झोपला होता, म्हणून शिट्टी टोचत होती.

आपण स्वतः बोलायला तोंड उघडतो, त्याच्या किंचित आधी हा आखडायला लागतो. नाहीतर स्वतःचंच ओरडणं आपल्या कानांना टोचलं असतं. पण त्याला दोन मर्यादा आहेत. आवाज कानावर पडल्यावर आवळायला त्याला क्षणभर वेळ लागतो, तोवर सुतळी बॉम्बचा धमाका आत पोचलेला असतो. आणि तो खर्जातले आवाज बऱ्यापैकी अडवतो, चिरके आवाज फारसे नाही. गणपतीत ढोलाचा दणका तो थोडा तरी सोसून घेतो. ताशाची तडतड त्याच्या हातून सुटते. पथकात वादन करणाऱ्या पोरांनी कानात बोळे घातलेच पाहिजेत, आणि ताशाच्या पुढ्यात लहान मूल खांद्यावर घेऊन कृपा करून उभं राहू नका.

कान टवकारणारे स्नायू बाहेर, कानाच्या पाळीभोवती असतात. मांजराचे कान कसे आवाजाकडे वळतात! आपले तीन स्नायू जागेवर आहेत, पण कान वळवायला ते पुरत नाहीत. काही जण कान हलवून दाखवतात तेवढंच. हे स्नायू निकामी झाले असं वर्षानुवर्षं समजलं जाई. मग जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्यातली विजेची हालचाल मोजली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दिसलं की गोंगाटात एखादा आवाज कष्टाने ऐकताना कानावरचा स्नायू जागा होतो. कान हलत नाही, पण टवकारला जातो. मराठीने हे आधीच म्हणून ठेवलंय.

डोळ्यांतली कप्पी

एकेका डोळ्याला फिरवायला सहा स्नायू. त्यातल्या एकाचा मार्ग इतका सुंदर आहे की पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा मी थांबून राहिलो होतो. तो खोबणीच्या मागून निघतो, नाकाजवळच्या एका छोट्या कडीतून ओवला जातो आणि तिथून मागे वळून बुबुळाच्या गोलाला धरतो. विहिरीच्या रहाटावरून दोर फिरावा तसा! त्या कडीचं लॅटिन नावही ‘कप्पी’ याच अर्थाचं आहे.

आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या. मग परत डाव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला दिसणारच नाहीत. शेजारी उभ्या माणसाला स्पष्ट दिसतील. डोळा उडी मारतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू चित्र झाकून टाकतो. ही ओळ वाचतानाही तुमचे डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारताहेत, आणि प्रत्येक उडीत पडदा पडतोय.

दातओठ खाणे

कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली उठला तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा कवटीच्या बाजूला पसरलेला. आता गालाच्या मागच्या कोपऱ्यात, जबड्याच्या कोनावर हात ठेवून तसंच करा. हा टणक गोळा मॅसेटर. उसाचं कांडं सोलायचं बळ या जोडीचं. झोपेत दात खाणाऱ्यांची सकाळ कानशिलं ठणकत उजाडते, तीही हिच्यामुळेच.

आणखी एक गोष्ट करून बघा, आणि ती घरातल्या सुपारी, मावा खाणाऱ्या माणसाकडून नक्की करून घ्या. तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात शिरतात का पाहा. निरोगी तोंडात ती शिरतात. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर आणि खालचे स्नायू आखडत जातात, तोंड उघडेनासं होतं, आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तीन बोटं शिरत नसतील तर लगेच दाताच्या किंवा मुखरोगाच्या डॉक्टरकडे जायचं, वाट बघायची नाही.

जिभेला हाड नसतं

खरंच नसतं. आणि तरी ती ताठ होते, टोकदार होते, मागे दुमडते. हाड नसताना स्नायू ढकलतो कशाच्या आधाराने? उत्तर हत्तीच्या सोंडेत आहे आणि ऑक्टोपसच्या हातातही. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं मांसाचं आकारमान बदलत नाही. एका दिशेने दाबलं की ते दुसऱ्या दिशेने वाढतं. जिभेत उभे, आडवे, लांबीचे धागे एकमेकांतून विणलेले असतात. रुंदी आवळली की जीभ लांब होते. चार जोड्या आतल्या, आकार बदलणाऱ्या. चार बाहेरून येणाऱ्या, जागा बदलणाऱ्या.

आपली वर्णमाला म्हणजे या स्नायूंचा नकाशाच आहे. क, ख, ग, घ म्हणा; जीभ मागे, टाळूच्या मऊ भागाला टेकते. च, छ ला पुढे सरकते. ट, ठ ला टोक वर वळतं, त, थ ला दातांवर येतं, आणि प, फ, ब, भ, म ला जीभ बाजूला होऊन काम ओठांच्या गोल स्नायूकडे जातं. घशापासून ओठांपर्यंत पायरीपायरीने बाहेर! आणि ळ म्हणताना टोक मागे वळवून झटक्यात सोडायचं. परभाषक पाहुण्याला ‘केळ’ शिकवून बघा, म्हणजे या कसरतीची कल्पना येईल.

जीभ पुढे ओढून धरणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूने निघतो. झोपेत तो सैलावला की जीभ मागे झुकते आणि घोरणं सुरू होतं. बेशुद्ध माणसात तो पुरता ढिला पडतो. म्हणून मान किंवा कण्याला मार लागल्याची शंका नसेल आणि श्वास चालू असेल, तर बेशुद्ध माणसाला उताणं न ठेवता कुशीवर वळवतात.

आवंढा

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. तो वर उडी मारून खाली येतो. तेवढ्या एका क्षणात पंचवीसच्या आसपास स्नायूंच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने आखडून गेलेल्या असतात: नाकाची वाट बंद, श्वासनलिकेचं तोंड बंद, श्वास थांबलेला, अन्ननलिकेचं दार उघडं. क्रम चुकला की ठसका. एकदा घास अन्ननलिकेत गेला की ती त्याला पिळत पिळत खाली नेते. इतकी नेमाने, की शीर्षासनातही पाणी पोटाकडेच, म्हणजे वर, चढतं.

स्वरयंत्रातही एक एकांडा शिलेदार आहे. तिथले बाकी स्नायू स्वरतंतू जवळ आणतात, ताणतात, सैल करतात. त्यांना उघडणारी जोडी एकच. ती नसती तर श्वासाची वाटच बंद. पेटीवरची मधली पांढरी एक धरून गाताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे २६२ वेळा मिटतात-उघडतात. इतक्या वेगाने माणसाचा कुठलाही स्नायू आपला आपण आखडू शकत नाही. ते काम फुप्फुसातून येणारी हवा करते, स्नायू फक्त ताण ठरवतात. तार षड्ज म्हणजे नेमकी दुप्पट कंपनं.

मान

मान डावीकडे वळवा आणि उजव्या बाजूला कानामागून छातीच्या हाडापर्यंत चाचपा. जाड दोरखंड लागेल. वळायचं डावीकडे आणि ओढतो उजवा! फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ने डावीकडे मान वळवली आहे, आणि १५०४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या संगमरवरात उजवा दोरखंड अगदी जागच्या जागी कोरलेला आहे.

आता डोळे मिटा, दोन्ही अंगठे कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या खळग्यात हलके रोवा. डोकं न हलवता नुसते डोळे डावी-उजवीकडे फिरवा. अंगठ्याखाली बारीक हुळहुळ जाणवते. नजर गेली तिकडे डोकं नेण्याची तयारी ते चिमुकले स्नायू आधीच करू लागतात. गाण्याच्या मैफलीत मान डोलते तेव्हा या स्नायूंचाही ठेका चालू असतो. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त मानेच्या चार चाली सांगितल्या आहेत, त्यातली ‘सुंदरी’, मान न वळवता आडवी सरकवण्याची, करून पाहिली की कळतं किती सराव लागतो.

डोक्याचं वजन साधारण पाच किलो. ते सरळ असलं तर मणक्यांवर आरामात तोललं जातं. मोबाइलवर ६० अंशांनी मान झुकवली की मानेवरचा भार २७ किलोंच्या घरात जातो, असं गणित केनेथ हन्सराज या अमेरिकन शल्यविशारदाने २०१४ मध्ये मांडलं. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त.

आणि दुसरीकडे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी घेऊन बाया चढ चढतात. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात दिसलं की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं नेतानाही त्यांच्या शरीराला जास्तीची ऊर्जा लागत नव्हती. चालीतच ती खुबी होती.

उचकी लागली

कुणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतो. काढत असेलही, पण आखडतंय ते श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू अचानक झटका देतो, हवा आत ओढली जाते आणि त्याच क्षणी स्वरतंतू फटकन मिटतात. ‘उच्’ तो त्या दाराचा आवाज. अमेरिकेत आयोवातल्या चार्ल्स ऑसबर्नला १९२२ मध्ये डुकराचं वजन करताना उचकी लागली, ती थांबली १९९० मध्ये. अडुसष्ट वर्षं! तेवढ्या काळात त्याने संसार केला, मुलं वाढवली.

श्वासपटल बसलंय बरगड्यांच्या तळाशी, पण त्याची नस निघते मानेतून. कारण गर्भात ते मानेजवळ तयार होतं आणि वाढता वाढता खाली सरकतं, येताना आपली नस लांबवत आणतं. म्हणून पित्ताशयाच्या सुजेने श्वासपटल डिवचलं गेलं की कळ उजव्या खांद्यात येते. माणूस खांद्याला मलम चोळत बसतो आणि दुखणं पोटात असतं.

श्वास घेताना बरगड्या कशा हलतात हे सांगायला वैद्यकाच्या पुस्तकांत जी उपमा आहे, ती आपल्या न्हाणीघरातली वाटावी: बादलीची कडी. आडवी पडलेली कडी उचलली की ती बाहेरच्या बाजूला जाते, तशी बरगडी वर उचलली की छाती रुंदावते. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे होतात २१,६००. योगग्रंथांत दिवसाच्या श्वासांचा आकडा हाच दिला आहे.

कंबर कसणे

पोटाची भिंत तीन थरांची. धागे तीन दिशांना, प्लायवूडसारखे. सर्वांत आतला थर आडवा, कमरेभोवती पट्ट्यासारखा. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये तारा लावून मोजलं: माणसाला झटकन हात उचलायला सांगितलं, तर हाताच्या स्नायूच्या आधी पोटाचा हा पट्टा आवळला जातो. जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळत होता. काम करायचं तर आधी कंबर कसायची, हे शरीर आपल्याला न विचारता दर वेळी करतं.

समोरच्या उभ्या स्नायूला आडव्या पट्ट्या असतात, त्यातून ‘सिक्स पॅक’ दिसतात. पट्ट्या किती हे जन्मतः ठरतं. काहींना चारच येतात, काहींना आठ, व्यायाम कितीही करा. हाच स्नायू योगी नौली या क्रियेत दोरीसारखा पोटाच्या मधोमध उभा करतात आणि डावी-उजवीकडे फिरवतात. त्याचं नेमकं काय होतं हे स्वामी कुवलयानंदांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि ते क्ष-किरण व दाबमापक घेऊन योगाच्या क्रिया मोजायला बसले. नौली करणारा माणूस नळीतून मोठ्या आतड्यात पाणी वर ओढून घेतो, हे माहीत होतं. आतडं उलटं पिळत असेल, असा समज होता. पाऱ्याच्या मापकाने वेगळंच दाखवलं. स्नायू तसा उभा राहिला की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाणी आपोआप खेचलं जातं. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

शेपूट घालणे

घाबरलेला कुत्रा शेपूट दोन पायांत घालतो. ती आत ओढणारे स्नायू माणसातही आहेत, फक्त ओढायला शेपूट उरलेली नाही. उरलंय ते माकडहाड. मराठीने हे नावही किती नेमकं दिलंय! आपण दोन पायांवर उभे राहिलो तेव्हा पोटातल्या अवयवांचा सगळा भार खाली आला, आणि हेच स्नायू कटोऱ्यासारखे पसरून मूत्राशय, गर्भाशय, आतडी तोलायला लागले. बाळंतपणात हा कटोरा ताणला जातो. मग शिंकताना, खोकताना, दोरीवरच्या उड्या मारताना लघवीचे थेंब निसटतात आणि कितीतरी जणी ते लाजेपायी वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. यावर व्यायाम आहे. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो ओळखायचा, मग काही सेकंद आवळायचा, तितकाच वेळ सोडायचा, असं रोज, काही महिने. भाजी निवडता निवडता, बसस्टॉपवर उभ्या उभ्या करता येतो; शेजारच्या माणसाला पत्ताही लागत नाही.